११,२३२ यार्ड: शुगर लँडच्या केन हॉलचं प्रकरण

१९५३ च्या हंगामात टेक्सासमधल्या शुगर लँड हायस्कूलचा केन हॉल ह्यूस्टन लुथरन शाळेविरुद्ध खेळला. त्या सामन्यात त्याने चेंडू घेऊन ११ वेळा धाव घेतली आणि ५२० यार्ड कापले. अमेरिकन फुटबॉलचं मैदान एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत १०० यार्डांचं असतं. या खेळात चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं, त्यामुळे एका धावेत चार-पाच यार्ड मिळाले तरी कोच खूश होतो. हॉल प्रत्येक वेळी सरासरी ४७ यार्ड गेला. चेंडू हातात आला की जवळजवळ अर्धं मैदान त्याच्या पायाखालून जायचं. त्या सामन्यात त्याने सात टचडाउन केले, म्हणजे सात वेळा चेंडू घेऊन समोरच्याची गोलरेषा ओलांडली.

अमेरिकेतल्या लहान गावांत हायस्कूल फुटबॉलचं स्थान काय आहे, हे कळल्याशिवाय या प्रकरणाचा अर्थ लागत नाही. तिथे शुक्रवारची रात्र शाळेच्या संघाची असते. दुकानदार, शेतकरी, कारखान्यातले कामगार, सगळे मैदानावर असतात. गावात व्यावसायिक संघ नाही, विद्यापीठ नाही, त्यामुळे सतरा-अठरा वर्षांची पोरंच गावाचे नायक होतात. मग पुढची पन्नास वर्षं एकच वाद चालतो: आपल्या शाळेत आजवर झालेला सगळ्यात भारी खेळाडू कोण? बहुतेक गावांत यावर एकमत होत नाही. शुगर लँडमध्ये मात्र हा वादच नाही. उत्तर केन हॉल. म्हणूनच हे प्रकरण मला अभ्यासाला घ्यावंसं वाटलं. एखाद्या खेळाडूची आठवण इतकी पक्की होते ती कशामुळे, आणि ती पक्की होताना तिच्या बाहेर कोण राहतं, हे इथे फार स्पष्ट दिसतं.

गाव

ह्यूस्टनच्या नैऋत्येला असलेलं शुगर लँड हे नावाप्रमाणे साखरेचं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इम्पीरियल शुगर कंपनीने ते वसवलं आणि चालवलं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, नोकरीही कंपनीतच. १९५० च्या सुमाराला लोकवस्ती दोन-अडीच हजारांच्या आसपास होती. गावाला रीतसर शहराचा दर्जा मिळाला तो १९५९ साली.

त्याच १९५९ मध्ये शुगर लँड आणि शेजारच्या मिसुरी सिटीचे शाळा-विभाग एकत्र होऊन फोर्ट बेंड हा नवा विभाग झाला. पुढे दोन्ही गावांतल्या मुलांसाठी डलेस हायस्कूल उभं राहिलं आणि शुगर लँड हायस्कूल, हॉलची शाळा, त्या नावाने उरली नाही. साखरेचा कारखाना २००३ मध्ये बंद पडला. गाव ह्यूस्टनचं उपनगर झालं. २०२० च्या जनगणनेत तिथे १ लाख ११ हजारांवर माणसं होती, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते जुनं गाव पाहिलेलंही नाही.

एरवी खेळाडूची आठवण जपतात ती शाळा, जुने रहिवासी आणि वर्षानुवर्षं एकाच मैदानावर जमणारी गर्दी. इथे शाळा गेली, कारखाना गेला, गर्दी बदलली. हॉलचं नाव तरीही टिकलं.

आकडा

ते टिकलं आकड्यामुळे. हॉल १९५० ते १९५३ या चार हंगामांत हायस्कूलसाठी खेळला. पहिल्या वर्षी त्याने धावून ५६९ यार्ड कापले. पुढच्या वर्षी ३,१६०. त्यानंतर ३,४५८. शेवटच्या वर्षी ४,०४५. एका हंगामात ४,००० यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो देशातला पहिला शाळकरी खेळाडू. चार वर्षांची बेरीज ११,२३२ यार्ड, म्हणजे सव्वादहा किलोमीटरहून थोडं जास्त. हे अंतर समोर अकरा जण अडवायला उभे असताना, चेंडू काखेत धरून कापलेलं आहे.

शिवाय तो चेंडू फेकायचाही. पासिंगचे ३,३२६ यार्ड धरले तर एकूण १४,५५८ होतात. टचडाउननंतरच्या जादा गुणासाठी लाथही तोच मारायचा. १९५३ च्या १२ सामन्यांत त्याने एकट्याने ३९५ गुण केले आणि शाळेची चार वर्षं मिळून ८९९. धावण्याची सरासरी त्या शेवटच्या हंगामात सामन्यामागे ३३७ यार्ड पडते. आणि बऱ्याच सामन्यांत संघ इतका पुढे असायचा की कोच त्याला उत्तरार्धात बाहेर बसवायचा. सगळे सामने तो पूर्ण खेळला असता तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता दुसरी बाजू. टेक्सासमध्ये शाळांची प्रतवारी विद्यार्थिसंख्येवरून होते आणि शुगर लँड सगळ्यात लहान शाळांच्या ‘बी’ गटात होती. त्या काळी या गटाच्या संघांना विभागीय विजेतेपदापलीकडे जाताच यायचं नाही, राज्यपातळीची फेरी त्यांच्यासाठी नव्हतीच. हॉल अंगाने धिप्पाड आणि वेगाने पळणारा. समोरच्या संघात बहुधा लहान गावांतली, संख्येने मोजकी मुलं असायची. त्यामुळे ‘कच्च्या संघांसमोर कुणीही पळेल’ हा आक्षेप त्याच्यावर आयुष्यभर घेतला गेला. मला हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो. लहान शाळांच्या गटात दरवर्षी शेकडो मुलं खेळली. त्यात धिप्पाड आणि वेगवान मुलंही होती. तरी ११,२३२ च्या पुढे पुढची जवळजवळ साठ वर्षं दुसरं कुणी गेलं नाही.

कॉलेज

गावाच्या तोंडी ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा मधला एक तुकडा नेहमी खाली आवाजात येतो. शाळा संपल्यावर १९५४ मध्ये हॉल टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेला. त्याच वर्षी तिथे पॉल ‘बेअर’ ब्रायंट हा नवा कोच आला होता. कडक शिस्तीचा आणि मेहनतीत कुणाची गय न करणारा. हॉलचं आणि त्याचं जमलं नाही. हॉलने संघ सोडला, परत आला, पुन्हा सोडला. त्याच्याच वर्गातला जॉन डेव्हिड क्रो १९५७ मध्ये हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, घेऊन गेला.

‘ब्रायंटने पोराचं नुकसान केलं’ एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. त्यामागे एक नियमही होता, आणि तो माहीत नसेल तर न्याय होत नाही. १९५३ मध्ये कॉलेज फुटबॉलने खेळाडू हवे तेव्हा बदलण्याची मोकळीक काढून घेतली होती. आज आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असतात. त्या वर्षापासून पुढची दहा-अकरा वर्षं मात्र त्याच मुलांना दोन्ही बाजूंनी खेळावं लागायचं. चेंडू घेऊन विजेसारखं पळणं पुरेसं नव्हतं. समोरून येणाऱ्याला अडवून आडवंही करायला हवं होतं. ब्रायंटला हॉलकडून नेमकं हेच हवं होतं. हा नियम नसता तर कोच आणि खेळाडू यांच्यातली तेढ इतकी वाढली नसती, असं मला मनापासून वाटतं. शाळेत ज्याच्या पायांवर सगळा खेळ उभा राहायचा, त्याला कॉलेजात आल्यावर आधी टॅकल शिकायला लावलं गेलं.

पुढे तो कॅनडात एडमंटनकडे खेळला, मग शिकागो कार्डिनल्सकडे. १९६० मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग सुरू झाली आणि ह्यूस्टन ऑयलर्स हा नवा संघ आला. गावापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या संघात हॉल होता, आणि त्या पहिल्याच हंगामात न्यूयॉर्क टायटन्सविरुद्ध त्याने किकऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना लाथेने उडवलेला, चेंडू आपल्या गोलरेषेच्या मागे पकडून १०४ यार्ड परत नेत टचडाउन केला. शाळेतला हॉल एकदा तरी मोठ्या मैदानावर दिसला. पण व्यावसायिक कारकीर्द लांबली नाही. मोठ्या पातळीवरचं यश हीच मोजपट्टी धरली तर तो कुठेच बसत नाही. शुगर लँडच्या लोकांनी ती मोजपट्टी लावली नाही, आणि माझ्या मते ते बरोबर केलं. आपल्या शाळेचा सगळ्यात भारी खेळाडू कोण, हा प्रश्न शाळेच्या चार वर्षांपुरताच आहे. पुढे तो काय झाला ही दुसरी गोष्ट.

विक्रमाचा पाठलाग

हॉलचा विक्रम मोडायला सगळ्यात जवळ आलेला एक मुलगाही लहान शाळेतलाच. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळच्या ऑनोन्डागा सेंट्रल शाळेचा माइक हार्ट. २००० ते २००३ या काळात त्याने ११,०४५ यार्ड धावून काढले आणि २०४ टचडाउन केले. टचडाउनमध्ये तो हॉलच्या १२७ च्या खूप पुढे गेला. यार्डांमध्ये १८७ कमी पडले. हार्टसारख्या खेळाडूला इतके यार्ड एका चांगल्या रात्रीत मिळून जातात.

शेवटी नोव्हेंबर २०१२ मध्ये फ्लोरिडाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या युली हायस्कूलच्या डेरिक हेन्रीने तो मोडला. त्याची बेरीज १२,१२४ यार्डांवर थांबली. शाळा अवघी सहा वर्षांची होती, २००६ मध्ये सुरू झालेली. हेन्रीने पुढे अलाबामाकडून खेळताना २०१५ ची हाइझमन मिळवली आणि व्यावसायिक लीगमध्ये २०२० च्या हंगामात २,०२७ यार्ड काढले. कच्च्या संघांपुढे कुणीही पळेल म्हणणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. हॉलच्या पुढे जायला हेन्रीच्या ताकदीचा माणूस लागला. शेवटच्या हंगामाची सरासरी पाहिली तर हेन्रीचे १३ सामन्यांत ४,२६१ यार्ड, म्हणजे सामन्यामागे ३२८ च्या आत. हॉलचे ३३७.

या विक्रमामुळे १९५३ नंतर जन्मलेली, शुगर लँडला कधी पाय न लावलेली माणसंही हॉलचं नाव घेत राहिली. हार्ट जवळ आला तेव्हा हॉलची गोष्ट पुन्हा छापून आली, हेन्रीने मागे टाकलं तेव्हाही. राष्ट्रीय पातळीवरच्या एका शालेय पुरस्काराला त्याचं नाव दिलं गेलं. विक्रम मोडायला निघालेला प्रत्येक पोरगा जुन्या माणसाला परत उजेडात आणतो.

ज्यांची बेरीज कुणी केली नाही

आकड्याच्या बळावर टिकलेल्या आठवणीचा धोका असा की मोजणी जिथे झाली नाही तिथला माणूस नाहीसा होतो. एक उदाहरण हॉलच्याच ५२० यार्डांचं. एका सामन्यातला तो मोठा विक्रम म्हणून सांगितला जायचा. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १९५० मध्ये, न्यू जर्सीतल्या नेटकाँग या चिमुकल्या गावाच्या जॉन जियानान्टोनियोने माउंटन लेक्सविरुद्ध एका सामन्यात ७५४ यार्ड काढले होते. हा आकडा आता नोंदपुस्तकात आहे. हॉलच्या काळात मात्र देशभरच्या शाळांचे आकडे एका जागी आणून ताडून पाहण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. गावोगावच्या साप्ताहिकात जे छापून यायचं ते बहुधा तिथेच राहायचं.

दुसरं उदाहरण मोठं आणि जास्त दुखवणारं. हॉल खेळत होता तेव्हा टेक्सासच्या शालेय स्पर्धा चालवणारी युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलास्टिक लीग फक्त गोऱ्या मुलांच्या शाळांना सभासद करून घ्यायची. शुगर लँडमधली कृष्णवर्णीय मुलं हॉलच्या वर्गात बसू शकत नव्हती, त्याच्यासोबत किंवा त्याच्याविरुद्ध खेळूही शकत नव्हती. त्यांच्या शाळांची वेगळी संघटना होती, प्रेअरी व्ह्यू इंटरस्कॉलास्टिक लीग. ती १९२० ते १९७० अशी पन्नास वर्षं चालली. शुक्रवारची रात्र आणि चांगलं मैदान गोऱ्या शाळांकडे असायचं, म्हणून या शाळांचे सामने बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी रात्री व्हायचे. मोठ्या वर्तमानपत्रांत त्यांच्या वाट्याला चार ओळी आल्या तरी खूप.

त्या मैदानांवर कोण खेळत होतं? टेंपलच्या डनबार हायस्कूलमध्ये जो ग्रीन. लफकिनच्या डनबार हायस्कूलमध्ये केन ह्यूस्टन. पुढे दोघेही व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेले, ह्यूस्टन १९८६ मध्ये आणि ग्रीन १९८७ मध्ये. त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत कारण ते व्यावसायिक लीगपर्यंत पोचले आणि तिथे मोजणी होती. त्यांच्याच शाळांत त्यांच्या आधी दहा वर्षं, वीस वर्षं जे खेळले, ज्यांच्यासाठी पुढची दारं बंदच होती, त्यांच्यातही कुणी हॉल असणारच. नंतर युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलास्टिक लीगने प्रेअरी व्ह्यूच्या विजेत्या संघांची नोंद आपल्या इतिहासात घेतली. संघांची विजेतेपदं त्यामुळे जपली गेली. एकेका खेळाडूची धाव त्यात मावत नाही.

शुगर लँडच्या जमिनीने हे आणखी एका प्रकारे दाखवून दिलं. २०१८ मध्ये फोर्ट बेंड शाळा-विभागाच्या एका नव्या इमारतीचं खोदकाम चालू असताना ९५ माणसांचे सांगाडे सापडले. गुलामगिरी संपल्यानंतर कैद्यांना मजूर म्हणून भाड्याने देण्याची पद्धत होती आणि उसाच्या मळ्यांवर त्यांच्याकडून मरेपर्यंत काम करून घेतलं जायचं. ते हे कैदी, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. फुटबॉलच्या प्रकरणात हे कशाला, असं कुणी विचारेल. कारण गाव तेच आहे. ज्या गावाने एका मुलाचा एकेक यार्ड लिहून ठेवला, त्याच गावाच्या मातीत ९५ माणसं नावाशिवाय पुरलेली होती.

यादी करायला बसणाऱ्यांसाठी

आपल्या शाळेच्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी करायला अनेक गावांत हौशी माणसं बसतात. हॉलच्या प्रकरणावरून त्यांना दोन-तीन गोष्टी हाताशी येतात.

पहिली म्हणजे आकडा दोन ठिकाणी तपासावा. आपल्या गावचं साप्ताहिक आपल्या पोराला चार यार्ड जास्तच देतं, त्यात वाईट हेतू नसतो, प्रेम असतं. समोरच्या गावाच्या पेपरातली त्याच सामन्याची बातमी शोधली की खरं काय ते बरंचसं कळतं. दोन्हीकडे जुळणारा आकडा घ्यावा. त्या वर्षीचे नियम काय होते, संघ कुठल्या गटात होता, हंगामात सामने किती झाले, हेही शेजारी लिहावं. हॉलचे १२ सामने आणि हेन्रीचे १३ हा फरक लिहिला नाही तर तुलना लंगडी होते.

आणि जिथे आकडा नाही तिथे माणसाला विचारावं, तेही लवकर. १९५३ मध्ये मैदानावर असलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. ‘सगळ्यात भारी कोण’ असं विचारलं की ती हॉलचंच नाव सांगतात, कारण तेच नाव सत्तर वर्षं कानावर पडत आलं आहे. ‘तुला स्वतःला कुणी सगळ्यात जोरात आडवं केलं?’ असं विचारलं की वेगळीच नावं बाहेर येतात. ही माझी आवडती युक्ती आहे. अंगाला बसलेला मार माणूस विसरत नाही, आणि तो कुणाकडून बसला हेही नाही.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती लाइनमनची. धावणाऱ्याच्या पुढे उभे राहून वाट मोकळी करणारी ही पोरं. त्या काळी त्यांच्या कामाची आकडेवारी ठेवायची रीत नव्हती. चेंडू त्यांच्या हातात येत नाही, गुणही त्यांच्या नावावर लागत नाहीत. हॉल त्या दिवशी ११ वेळा सरासरी ४७ यार्ड पळाला, तेव्हा पहिले दोन-तीन यार्ड कुणीतरी त्याला उघडून दिले होते, अकराच्या अकरा वेळा.

हॉलचं नाव आज केनेथ हॉल स्टेडियमवर आहे. फोर्ट बेंड विभागाच्या शाळांचे संघ तिथे खेळतात. स्टेडियम शुगर लँडमध्ये नाही, शेजारच्या मिसुरी सिटीत आहे. हॉलच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पोरांची नावं हवी असतील तर शाळेचे जुने वार्षिकांक काढावे लागतात. अशा अंकांत संघाचा एक फोटो असतो आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: मागची रांग, डावीकडून उजवीकडे.